खारीक कुठून येते आता?

प्रश्न : मी कोपरखैरण्याला राहते. सूनबाईच्या डिंकाच्या लाडवांसाठी वाशीच्या मसाला मार्केटला खारीक घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, काकू, पाकिस्तानची आता येत नाही. शेजारच्या देशांशी सगळाच धंदा बंद झालाय का हो?

उत्तर : काकू, सगळा नाही, पण रस्ते खूप बदललेत. खारकेचंच बघा ना, फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामानंतर आपण पाकिस्तानी मालावर 200 टक्के ड्युटी लावली, ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापार थांबवला, तरी माल दुबईमार्गे फिरून यायचाच, शेवटी मे 2025 मध्ये तिसऱ्या देशातून येणाऱ्यावरही बंदी आली.

बांगलादेशचं वेगळं. तिथले तयार कपडे आधी ट्रकने बॉर्डरवरून यायचे, मे 2025 पासून फक्त न्हावाशेवा नाहीतर कोलकाता बंदरातून, म्हणजे तुमच्या घरापासून तासाभरावर ते कंटेनर उतरतात!

आणि कांदा... याचं मला खरंच वाईट वाटतं. डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी, मे 2024 ला उठली पण 40 टक्के ड्युटी ठेवून, मग 20, आणि 1 एप्रिल 2025 ला शून्य. तोवर बांगलादेशने पाकिस्तान, चीनकडूनही कांदा घेतला, घरची लागवडही वाढवली. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानात जायला लागलं की परत आणणं किती अवघड, हे नाशिकच्या शेतकऱ्याला विचारा, कोंब फुटलेल्या गोण्या त्याने उचलल्यात.

लाडवांना इराणी किंवा ओमानची खारीक मिळाली तर घ्या, फक्त फोडून आत कीड नाही ना ते बघा.