घडीचा बॅकड्रॉप: घाबरू नको, हाताला सवय होऊ दे

भाऊ, फोटो काढताना माणसाच्या मागे उभा करायचा घडीचा पडदा, म्हणजे बॅकड्रॉप, पहिल्या दिवशी घडी जमत नाही म्हणून परत करू नको. आतली स्प्रिंग स्टीलची रिंग आहे, तिला दाबायचं नसतं, वळवायचं असतं. ५ बाय ७ फुटांचा असेल तर उभा धर, खालच्या कडेवर पाय ठेव, वरची कड धरून हळूहळू खाली पायापर्यंत आण, मग दोन्ही बाजू आपोआप आत वळायला लागतात, त्या एकमेकींवर सरकू दे, तीन गोल वेटोळे होतात आणि झाली घडी. जिथं अडकल्यासारखं वाटेल तिथं जोर लावू नको, सोडून पुन्हा सुरू कर, नाहीतर रिंग कायमची वाकडी होते न् मग बॅकड्रॉप कधीच सपाट उभा राहत नाही. माझा पहिला तसाच गेला, अजून वाईट वाटतं.

उघडताना मात्र तोंडापासून लांब धर, एकदम झटक्यात उघडतो तो. लेकरं जवळ असली तर आधी बाजूला कर.

नागपूरच्या फुटाळा तलावावर शूट करून राहिला असशील तर वाऱ्यात शिडासारखा फुगतो, स्टँडला वाळूची पिशवी लावच आणि एक माणूस धरायला ठेव. मे महिन्यात कारच्या डिक्कीत सोडू नको, इथलं ऊन तुला माहीत आहेच.

सुरकुत्यांना कपड्यांचा स्टीमर मागच्या बाजूने फिरव. माणसाला कापडापासून चार-पाच फूट पुढे उभं कर, लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) एफ २.८ च्या आसपास, म्हणजे मोठं उघडं ठेव, मग कापडावर सावलीही फारशी पडत नाही आणि मागचं धूसर होऊन उरलेल्या सुरकुत्याही दिसत नाहीत.