वावरात घर बांधायचं, पण वावर कुणाचं?

प्रश्न : दिग्रस तालुक्यात आमचं चार एकर कोरडवाहू वावर आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र १.६२ हेक्टर, भोगवटादार वर्ग-१. वावर आजोबांपासून चालत आलेलं. वडील २०१४ मध्ये गेले, तेव्हापासून आई, मोठे भाऊ, मी आणि ताई अशी चार नावं लागली आहेत. मी पुण्यात नोकरीला आहे, निवृत्तीनंतर गावीच राहायचं आहे. रस्त्याच्या कडेला, गावच्या शेवटच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, २,४०० चौरस फुटांचं घर बांधायचं ठरवलं, इंजिनिअरकडून मनासारखा नकाशा काढून घेतला. ठेकेदार म्हणतो, पावसाळ्याआधी प्लिंथ काढून टाकू. भाऊ म्हणतात, "बांध नं बाप्पा, तुले कोन अडवते?" ताई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. ग्रामपंचायतीत नमुना आठला नोंद करून देतो म्हणाले. बँकेनं मात्र सातबारा पाहून गृहकर्ज नाकारलं. काम सुरू करू का?

उत्तर : नका करू. ठेकेदाराला थांबवा, बयाणा दिला असेल तर त्याची पावती तेवढी घेऊन ठेवा.

तुम्ही जिला 'माझी रस्त्याकडची जागा' समजता ती आज तुमची नाही. चौघांचं वावर सामाईक असतं तेव्हा त्यातल्या प्रत्येक गुंठ्यात चौघांचा हिस्सा असतो. भाऊ आज मनापासून हो म्हणत असतील, मला शंका नाही. पण सहा वर्षांनी त्यांचा मुलगा वाटणी मागेल, तेव्हा रस्त्याकडची जमीन सगळ्यांनाच हवी असते. अशा दाव्यात कोर्ट शक्यतो बांधलेला भाग बांधणाऱ्याच्या वाट्याला देतं, पण ती कोर्टाची सोय आहे, तुमचा हक्क नव्हे. आणि काम अर्ध्यावर असताना कुणी मनाई हुकूम आणला, तर उघड्या सळया पावसात गंजत राहतील.

आता हिश्शाचं बघू. वडिलोपार्जित म्हणजे मुलांचंच, हा समज आपल्याकडे अजून गेलेला नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच सहहिस्सेदार झाली आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये त्यावरचा वाद मिटवला. वडील गेले त्या क्षणी वाटणी झाली असं धरलं, तर वडील, आई, दोन मुलं आणि मुलगी असे पाच सारखे वाटे पडतात. वडिलांचा पाचवा हिस्सा पुन्हा उरलेल्या चौघांत जातो. फिरून प्रत्येकाला चौथा हिस्साच येतो, म्हणजे ०.४०५ हेक्टर. ताईचा वाटा तुमच्याएवढाच आहे, एक आरही (हेक्टरचा शंभरावा भाग) कमी नाही.

गावात कुणीही सांगेल, ताईकडून हक्कसोड, म्हणजे वाट्यावरचा हक्क सोडल्याचा दस्त, करून घ्या. तिला स्वतःहून सोडायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण तिच्या न बोलण्याला होकार समजू नका, आणि राखी-भाऊबीजेला आली की सही घेऊ, असलं तर मुळीच मनात आणू नका. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेली हक्कसोड चालत नाही, ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते.

त्यापेक्षा सरळ वाटणी करा. चौघांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, किंवा वाटणीपत्र नोंदवता येतं. कोरडवाहू जमिनीला प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, आता २० गुंठे असल्यानं तुमचे चार तुकडे तुकडेबंदीत अडकत नाहीत. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, खुणा रोवा, धुरे (बांध) घाला आणि तुमचा वेगळा सातबारा हातात आला की मगच पुढे जा. चौघांपैकी एकानंही नकार दिला तर दिवाणी दाव्याला पर्याय नाही. तो लांबतो, म्हणून ताईशी आधी बोला.

वाटणी झाली म्हणजे घर बांधता आलं असंही नाही. शेतघराची परवानगी मागायची तर किमान ०.४ हेक्टर क्षेत्र लागतं आणि एवढ्या जमिनीवर घर १५० चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण १,६०० चौरस फुटांच्या आत ठेवावं लागतं. तुमचा नकाशा २,४०० चा आहे, तो यात बसत नाही. शिवाय वाट्याला ०.४०५ येणार, म्हणजे जास्तीची जागा उरते जेमतेम अर्ध्या आरची. मोजणीत धुरा हातभर इकडेतिकडे सरकला तर तीही जाईल. आईचा वाटा तुमच्या लगत पाडला तर जमिनीची ओढाताण कमी होईल, पण ते आईनं ठरवायचं. आणि आईच्या माघारी तिचा वाटा, तिनं मृत्युपत्र केलं नसेल तर, पुन्हा तिन्ही मुलांत जाईल, हे धरूनच घराची जागा निवडा.

नकाशा बदलायचा नसेल तर जमीन अकृषिक, म्हणजे बिगरशेती (एनए), करून घ्यावी लागेल. तुम्ही लिहिलंय, गावचं शेवटचं घर हाकेच्या अंतरावर आहे. इथे फसू नका. जमीन महसूल संहितेचं कलम ४२-ड गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन रहिवासासाठी अकृषिक झाल्याचं मानतं. त्यासाठी ठरलेली रक्कम भरली की झालं. पण हे २०० मीटर मोजायचे गावठाणाच्या हद्दीपासून, शेवटच्या घरापासून नव्हे. शेवटची घरं पुष्कळदा हद्दीबाहेरच उभी असतात. गावनकाशा काढा आणि त्यावर अंतर मोजून घ्या. या कलमांत अलीकडे वरचेवर बदल झाले आहेत, म्हणून पैसे भरण्याआधी तहसीलमधून चालू परिपत्रकाची प्रत घ्या. बांधकाम परवानगी वेगळी घ्यावी लागेलच. रस्ता कुणाच्या अखत्यारीत आहे आणि त्याच्यापासून किती अंतर सोडायचं, हे सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषदेकडून लेखी मागा.

नमुना आठ ही घरपट्टीची नोंद आहे. तिनं जमीन तुमची होत नाही, बांधकाम कायदेशीर होत नाही आणि विनापरवाना वापराचा दंडही टळत नाही. पट्टी वसूल करायला ग्रामपंचायत कुठलीही भिंत लिहून घेते!

बँकेचा राग मानू नका. थकलेल्या कर्जासाठी बँका सरफेसी कायदा, २००२ खाली थेट तारणाचा ताबा घेऊ शकतात, पण कलम ३१ नं शेतजमीन त्यातून वगळली आहे. म्हणून सातबाऱ्यावर गृहकर्ज मिळणं अवघड. वेगळा सातबारा, अकृषिकचा कागद आणि मंजूर नकाशा घेऊन गेलात तर हीच बँक फाइल उघडेल.

शेवटचं ठेकेदाराबद्दल. करार लेखी करा : दर मटेरियलसह की नुसता मजुरीचा, काळ्या मातीत पाया किती खोल न्यायचा, पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे. काम बिघडलं तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण तोंडी ठरलेलं तिथे सिद्ध करणं जड जातं. आणि त्याला कृषिपंपाच्या मीटरवर मिक्सर लावू देऊ नका. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते, आणि ते बिल ठेकेदाराच्या नव्हे, मीटर ज्याच्या नावावर आहे त्याच्या, म्हणजे बहुतेक तुमच्या भावाच्या नावानं येईल.