संक्रांत खरी की एकवीस डिसेंबर खरा?

प्रिय चिऊ,

परवा कॉलवर आजी म्हणाली की आता संक्रांत आली की दिवस तिळातिळाने मोठा होत जाईल, आणि तू लगेच म्हणालीस, नाही आजी, आमच्या टीचरनी सांगितलंय २१ डिसेंबर सगळ्यात लहान दिवस, म्हणजे तेव्हापासूनच मोठा व्हायला लागला ना, मग संक्रांत इतकी उशिरा का? आजी म्हणाली आईला विचार. तू विचारलंस, मी म्हटलं सांगते, आणि मग पाहुणे आले. तोंडी सांगायला बसले तर अर्धंच होईल म्हणून लिहून देतेय, आणि सुट्टी आहे तर मराठी वाचनही होईल. अडलं तर बाबांना विचार, ते दिवसभर घरीच आहेत.

आधी सरळ उत्तर. सूर्याबद्दल तुझ्या टीचरचं बरोबर आहे. उत्तर गोलार्धात सगळ्यात लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरलाच असतो, साताऱ्यात पण आणि इथे एडिनबरामध्ये पण. सूर्य दक्षिणेकडून परत फिरतो तो त्याच दिवशी. कोणी तुला म्हणालं की आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं आणि संक्रांतच खरी, तर ते मानू नकोस, मला स्वतःला असं बोललेलं आवडत नाही, कारण पूर्वजांना जे खरंच माहीत होतं ते त्याहून जास्त छान आहे.

त्यांनी सूर्य मोजला तो त्याच्या मागच्या ताऱ्यांच्या पडद्यावर. सूर्य कुठल्या ताऱ्यांच्या समोर आहे ते बघायचं, आणि तो मकर राशीत शिरला की ती मकरसंक्रांत. साधारण १७०० वर्षांपूर्वी हे दोन्ही जवळजवळ एकाच वेळी व्हायचं, म्हणजे सूर्य मकरेत शिरायचा आणि त्याच सुमाराला उत्तरेकडे वळायचा. पण पृथ्वीचा आस स्थिर नाही ना. तू भोवरा फिरवतेस तेव्हा तो फिरता फिरता वरून हळूच डुलतो बघ, तशी पृथ्वी पण डुलते, फक्त तिची एक डुलकी पूर्ण व्हायला जवळपास २६,००० वर्षं लागतात. त्यामुळे सूर्याचं वळणं आणि ताऱ्यांची जागा ह्यांच्यात थोडा थोडा फरक पडत गेला, साधारण ७० वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी संक्रांत होती, आता ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. शिवाजी महाराजांच्या काळात, आजच्या कॅलेंडरने मोजलं तर, ९-१० जानेवारीच्या सुमाराला यायची. आणि तुझ्या नातवंडांना १५-१६ ला करावी लागेल!

तुला वाटेल मग बदलून का टाकत नाहीत. तसा विचार झालेला आहे. भारत सरकारने १९५७ मध्ये राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, ज्या समितीने ती सुचवली तिचे अध्यक्ष मेघनाद साहा हे मोठे शास्त्रज्ञ होते, आणि त्या दिनदर्शिकेत पौष महिन्याची १ तारीख २२ डिसेंबरला येते, अगदी तुझ्या टीचर सांगतात तसं सूर्याला धरून. सरकारी कागदावर ती तारीख असते. पण घरातले सण जुन्या पंचांगावरच राहिले. त्यातही टिळक पंचांग पाळणारी काही घरं आहेत त्यांची संक्रांत १० जानेवारीच्या आसपासच होऊन जाते, ताऱ्यांची सुरुवात कुठून धरायची ह्यावरून पंचांगवाल्यांचे मतभेद आहेत म्हणून. साताऱ्याला आमच्या वाड्यात असं एक घर होतं, आम्हाला पोरांना दोनदा तिळगूळ मिळायचा आणि आम्ही खूश असायचो.

आता आजीचं. आजी जे म्हणते ते पंचांगातून वाचून म्हणत नाही ग, ती ते बघत आलीय. आजी सकाळची माणूस आहे. धनुर्मास म्हणजे सूर्य धनु राशीत असतो तो महिना, १५-१६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत, आपल्याकडे त्याला धुंधुरमास म्हणतात. ह्या महिन्यात एखाद्या दिवशी तरी सूर्य उगवायच्या आत स्वयंपाक करून देवाला नैवेद्य दाखवायचा आणि उजाडता उजाडता सगळ्यांनी बसून जेवायचं, नाश्ता नाही, पूर्ण जेवण. मुगाच्या डाळीची गरम खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत, गूळ. त्यासाठी आजी पहाटे साडेचार-पाचला उठायची. आम्ही भावंडं गोधडीत असताना भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि मग कोणीतरी येऊन पांघरूण ओढायचं. अंघोळीचं पाणी बंबात, अंगणात अजून अंधार, आणि आजोबा शाल गुंडाळून पाट मांडतायत. एवढ्या पहाटे भूक कशी लागायची काय माहीत पण लागायची. आजही मला सणाचं जेवण म्हटलं की पुरणपोळी नाही आठवत, ती खिचडी आठवते.

तर जी बाई महिनाभर उजाडायच्या आत चुलीपाशी असते तिला काय दिसतं ते ऐक. साताऱ्यात २१ डिसेंबरपेक्षा १४ जानेवारीला सूर्य सात-आठ मिनिटं उशिरा उगवतो! हो, दिवस मोठा होत असतानाच. कारण हिवाळ्यात घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार एकमेकांपासून सरकत जातात, पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिचा मार्ग पूर्ण गोल नाही म्हणून (जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो, थंडीतच, हे टीचरना विचार, त्यांना सांगायला आवडेल). म्हणजे जो काही थोडा दिवस वाढतो तो सगळा संध्याकाळच्या बाजूला वाढतो, सकाळ उलट अजून मागे मागे जाते आणि संक्रांतीच्या आसपास कुठे थांबते. मग परत लवकर उजाडायला लागतं. त्यामुळे आजीच्या स्वयंपाकघरातून पाहिलं तर संक्रांतीनंतरच दिवस वळतो हे अगदी खरं आहे. संक्रांतीची तारीख ह्यासाठी ठरवली असं मी म्हणत नाहीये, तारीख ताऱ्यांवरूनच ठरते, पण आजीचा अनुभव खोटा नाही एवढं मला तुला सांगायचं होतं. तिने कधी घड्याळ लावून मोजलं नाही, आणि तरी बरोबर सांगितलं.

आणि तिळातिळाने हे तर किती नेमकं आहे बघ. साताऱ्याला २१ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत दिवस मोठा होऊन होऊन होतो किती, सहा-सात मिनिटं. तिथे सगळ्यात लहान दिवस पण अकरा तासांचा असतो, आपल्यासारखं साडेतीनला दिवे लावायची वेळ येत नाही. इथे एडिनबराला २१ डिसेंबरचा दिवस जेमतेम सात तासांचा, आणि संक्रांतीपर्यंत त्यात अर्ध्या तासाहून जास्त भर पडते, त्या सुमाराला रोज जवळजवळ तीन मिनिटं. म्हणजे जिथून सण आला तिथे फरक दिसत पण नाही आणि आपण जिथे राहतो तिथे तो डोळ्यांनी दिसतो. २१ ला सूर्य मावळला ३ वाजून ४० मिनिटांनी, आठवतंय ना, आपण लायब्ररीतून येत होतो आणि तू म्हणालीस रात्र झाली? १४ जानेवारीला चार वाजून गेलेले असतील आणि अजून उजेड असेल. म्हणून मला इथे आल्यापासून संक्रांत जास्त जवळची वाटायला लागली. तिकडे असताना ती पतंग, ऊस, बोरं, हळदीकुंकू अशी होती, आता ती उजेडाची पण आहे.

अजून एक गोष्ट आहे ती जरा आपल्या घराबद्दल. ह्या सुट्टीत आपण सगळे दिवसभर घरात, बाहेर पाऊस आणि अंधार, एकच टीव्ही, आणि तुझं आणि दादाचं रोजचं चाललंय. बाबा पण चिडतात, मी पण. ख्रिसमसला मजा आली, ट्री, गिफ्ट्स, शेजारच्या काकूंकडचं जेवण, मला हे सगळं मनापासून आवडतं आणि आपण ते दरवर्षी करणार. पण मग ५-६ जानेवारीला सगळे आपापले दिवे उतरवतात, रस्ता एकदम काळा होतो, शाळा सुरू, ऑफिस सुरू, आणि खरी थंडी तर पुढेच असते. त्या आठवड्यात सगळ्यांची तोंडं उतरलेली असतात बघ. आपला सण त्यानंतर येतो. सगळं आवरून झाल्यावर. मला हे फार बरं वाटतं.

आणि त्या दिवशी करायचं काय तर जाऊन तिळगूळ द्यायचा आणि म्हणायचं तिळगूळ घ्या गोड बोला. लहानपणी आम्ही संध्याकाळी डबा घेऊन घरोघर जायचो, मोठ्यांच्या हातावर द्यायचा, पाया पडायचं, त्यांनी आपल्याला द्यायचा. ज्या घराशी वर्षभर बोलणं नसायचं, नळावरून नाहीतर गाडी लावण्यावरून भांडण झालेलं असायचं, त्या घरी पण आजी आम्हाला पाठवायची, आणि मुद्दाम मुलांनाच पाठवायची कारण मुलाच्या हातातला तिळगूळ कोणी नाकारत नाही. माफी नाही मागायची, कोणाचं चुकलं ते काढायचं नाही. फक्त तो लाडू हातावर ठेवायचा. पुढे कधी कधी बोलणं सुरू व्हायचं, कधी नाही व्हायचं. मला वाटतं दोन-तीन आठवडे एका घरात कोंडून राहिलेल्या माणसांनी आधी एकमेकांना द्यावा, मग बाहेर. तू दादाला आणि दादाने तुला. मी बाबांना.

काळ्या कपड्यांचं पण तू विचारलं होतंस. काळा रंग ऊन शोषून घेतो, ऊब देतो, म्हणून थंडीतल्या ह्या सणाला काळं घालतात असं सगळे सांगतात, बाकीच्या सणांना आपण काळं टाळतो आणि ह्याच दिवशी हौसेनं घालतो. काळ्या साडीवर पांढरा हलवा उठून दिसतो हेही आहेच. तुझ्या पहिल्या संक्रांतीला आजीने हलव्याचे दागिने पाठवले होते, मुकुट, बाजूबंद, सगळं, तो फोटो कपाटात आहे, काढून देईन.

शाळेत तिळगूळ न्यायचाय म्हणालीस तर आधी टीचरना विचारायला लागेल. इथे अ‍ॅलर्जीच्या १४ पदार्थांची जी यादी आहे त्यात तीळ आहेत आणि शेंगदाणे पण, आणि आपल्या लाडवात दोन्ही असतात. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस, कोणाला त्रास व्हायला नको. कार्ड करून ने, त्यावर काय लिहायचं ते मी सांगते.

आता मुद्द्याचं. मी काल हिशोब केला आणि मला एकदम लक्षात आलं की धुंधुरमास करायला एडिनबरासारखी जागा नाही! आजीला सातच्या आत सगळं करायला लागायचं, आपल्याकडे सूर्य उगवतो पावणेनऊला. तुम्हाला सुट्टी, बाबांना सुट्टी, कोणाला कुठे पळायचं नाही. तर रविवारी करूया. बाजरीचं पीठ आणलंय, ताजं आहे, जुनं असलं की कडू लागतं आणि भाकरी पण मोडते. वांगं मी रात्रीच भाजून ठेवेन. लोणी तू काढायचं, क्रीम बरणीत घालून हलवत राहायचं, हात दुखले की दादाकडे द्यायचं. भाकरी थापायला शिकायची असेल तर साडेसातला उठावं लागेल, नाहीतर आठला चालेल. खिडकीपाशी टेबल ओढून घेऊ. ढग असले तर सूर्य दिसणार नाही, पण उजाडलेलं कळतं.

जेवायला बसलो की आजीला कॉल लाव, तिच्याकडे दुपारचे सव्वादोन झालेले असतील. आणि तिला ते साताऱ्याच्या उशिरा उगवणाऱ्या सूर्याचं तूच सांग, मी नाही सांगणार. तिला आवडेल, आणि बहुतेक ती म्हणेल की मग मी काय सांगत होते.

तुझी,
आई