सासूचं विनोदी काम आणि रीमा लागू

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २६, इंदूरच्या एका मंडळाच्या एकांकिकेत सासूचं विनोदी काम मिळालंय, सुनेचं काम करणारी मुलगी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, आणि दिग्दर्शकाने ‘रीमा लागू बघून ये’ एवढंच सांगितलंय. तुला विचारायचंय की केस पांढरे करावेत का, आवाज बदलावा का, आणि मुळात सिनेमातली ती सोशिक आई विनोदी होती तरी कशी. तुझ्या प्रश्नाखाली एकाने लिहिलंय की मालिकांमधला विनोद म्हणजे त्यांच्या आईच्या भूमिकांमधली विश्रांती. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते.

१९९४ हे वर्ष डोळ्यांसमोर आण. त्या वर्षी ‘हम आपके हैं कौन’ आला आणि रीमाताई माधुरी दीक्षितची आई म्हणून देशभर घराघरांत पोचल्या. त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’ सुरू झाली, तिच्यात त्या कोकिला कुलकर्णी होत्या, आणि त्याच वर्षी सचिन पिळगावकरांनी दिग्दर्शित केलेली ‘तू तू मैं मैं’ सुरू झाली, तिच्यात त्या सासू देवकी वर्मा. एकाच वर्षी लग्नघरातली मायाळू आई, शेजारणीवर भाळलेल्या नवऱ्याची बायको आणि सुनेशी ताटवाटीवरून भांडणारी सासू. चेहरा तोच, बांगड्यांचे हात तेच. विश्रांती घेणारी बाई अशी तीन-तीन घरं एका वर्षात सांभाळत नाही.

ही तयारी आली कुठून? आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री. रीमाताईंचं माहेरचं नाव नयन. जन्म १९५८चा, शाळा पुण्याची हुजूरपागा, लहानपणीच कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या. पुढे युनियन बँकेत सुमारे दहा वर्षं नोकरी, आणि नोकरी करता करता नाटक. नोकरी सांभाळून तालमी करणाऱ्या आपल्या इकडच्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको. दिवसभर काउंटरवर बसलेल्या माणसाला पासबुक हातात देताना कोण कसा चिडतो, कोण कसा गयावया करतो हे पुस्तकाबाहेर शिकायला मिळतं. त्यांनी ते तिथून उचललं असावं असं मला नेहमी वाटत आलंय.

आणि नाटकं कोणती? जयवंत दळवींचं ‘पुरुष’, नाना पाटेकरांसमोर. अत्याचार सोसून उभी राहणारी अंबिका. ‘सविता दामोदर परांजपे’मधली झपाटलेली बाई. यात हसण्यासारखं काहीही नाही. पण देवकी वर्माला राग येतो तेव्हा तो राग कुठल्या कोठारातून येतो हे या नाटकांकडे पाहिलं की कळतं. विनोदी भूमिका म्हणून त्यांनी रागाची धार बोथट केली नाही. कारण बदललं. तिकडे आयुष्य उद्ध्वस्त झालेलं असतं, इकडे सुनेने न विचारता फर्निचर हलवलेलं असतं, आणि देवकीला दोन्ही सारखंच मोठं वाटतं. हसू येतं ते तिथे.

आता माझा अनुभव सांगते, कारण तू ज्या वळणावर आहेस तिथे मी स्वतः चुकले होते. १९९६-९७च्या सुमाराची गोष्ट. गणेशोत्सवात आमच्या मंडळाचं नाटक होतं, मी बत्तिशीची आणि काम सासूचं. ‘तू तू मैं मैं’ घरी सगळेच बघायचे, त्यामुळे मी रीमाताईंच्या लकबी जमवल्या. कमरेवर हात, मान तिरकी, डोळे मोठे, वाक्याच्या शेवटी आवाज चढवायचा. पहिली दहा मिनिटं प्रेक्षक खूप हसले. त्यानंतर हशा विरत गेला आणि दुसऱ्या अंकात पहिल्या रांगेतल्या बायका आपापसांत बोलायला लागल्या. मला रंगमंचावरून ते दिसत होतं. प्रयोगानंतर मंडळातले एक ज्येष्ठ, ज्यांनी आयुष्यभर प्रॉम्प्टिंग केलं, विंगेत मला म्हणाले, “तू सासू दाखवून राहिली होती. तिचं म्हणणं काय आहे ते कुठेच आलं नाही.” त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यापासून मी ती मालिका आवाज बंद करून बघायला लागले. तूही तेच कर.

आवाज बंद केल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही की रीमाताई बोलतात त्यापेक्षा ऐकतात जास्त. सुप्रिया पिळगावकरांची राधा बोलत असते तेव्हा देवकीच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते बघ. ती उत्तर तयार करत असते. अर्ध्या वाक्यात तिला कळतं की सून कुठे निघालीय, तिथे पापणी हलते, मग ती थांबते, सुनेला वाक्य पुरं करू देते, आणि मगच बोलते. आपण हौशी लोक स्वतःचं वाक्य येईपर्यंत नुसते उभे असतो. रीमाताई सुप्रियाताईंच्या वाक्यावर काम करत असत. म्हणून सुप्रियाताईंच्या वाक्याला हशा येतो, आणि त्यावरच्या यांच्या उत्तराला आणखी मोठा येतो.

‘मैंने प्यार किया’मधली आईसुद्धा हेच करते. तीही ऐकते. तिथे ऐकून डोळे भरतात, इथे ऐकून जीभ परजली जाते. म्हणून मी म्हणते की आईच्या भूमिका आणि विनोदी भूमिका असे दोन कप्पे करू नका. एकच बाई, एकच कसब. त्या आईच्या कामांसाठी त्यांना फिल्मफेअरची चार नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही. विनोदाची तर आपल्याकडे कुणी तेवढीही दखल घेत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट हरण्याची. देवकी पुष्कळदा हरते. सून वरचढ ठरते, मुलगा सुनेच्या बाजूने जातो, नवरा (कुलदीप पवार, काय माणूस होता!) वर्तमानपत्राआड तोंड लपवतो. हौशी नट हरल्यावर तोंड वाकडं करतो, कारण त्याला वाटतं तिथे हशा आहे. रीमाताई हरल्यावर हरलेलं दाखवत नाहीत. पदर नीट करतात, काहीतरी घरकाम हाती घेतात, जणू हा विषय आपल्या लक्षातही नव्हता. आपल्या घरातल्या मोठ्या बायका असंच करतात की नाही? माझ्या सासूबाई वाद हरल्या की लगेच लसूण सोलायला बसायच्या. तुझ्या संहितेत सासू जिथे जिथे हरते तिथे खूण कर आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या हाताला एक काम दे.

‘श्रीमान श्रीमती’ वेगळ्या जातीची आहे. शेजारी-शेजारी दोन जोडपी, एकमेकांच्या जोडीदारावर डोळा. जतिन कनाकिया, राकेश बेदी, अर्चना पूरणसिंग. तिघांनाही गडद रंगाच्या भूमिका होत्या. जतिनचा केकू धडपड्या, राकेश बेदींचा दिलरुबा बायकोचं घर सांभाळणारा, अर्चनाची प्रेमा शालिनी सिनेनटी. या तिघांच्या मध्ये एक घर असं हवं होतं जिथे वरणभात शिजतो आणि मुलाचा अभ्यास होतो. कोकिलाने ते घर धरून ठेवलं. हे काम सगळ्यात अवघड, कारण हशा दुसऱ्यांना मिळतो. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखवली तेव्हा माझ्या नातीने विचारलं, “आजी, यात ही एकटीच खरी का वाटते?” मला इतका आनंद झाला. शिवाय देशभरच्या हिंदी मालिकेत कुलकर्णी आडनावाचं घर, आणि ते थट्टेचा विषय म्हणून नव्हतं, याचं आमच्या इंदूरच्या रामबागेत तेव्हा केवढं कौतुक होतं!

इथे एक तुलना करते, कुणाला कमी लेखायला नव्हे. आपल्या इंदूरच्या शुभांगी अत्रे २०१६मध्ये ‘भाभीजी घर पर हैं’ या मालिकेत अंगूरी झाल्या. शिल्पा शिंदेंनी घडवलेली, लोकांच्या ओठावर बसलेली भूमिका मधूनच उचलायची होती. (गंमत म्हणजे त्याआधी ‘चिड़ियाघर’मध्येही असंच झालं होतं, शिल्पा शिंदेंची कोयल पुढे शुभांगीकडे आली होती.) अंगूरीला ‘सही पकड़े हैं’ ही ओळ आहे, मोडकंतोडकं इंग्रजी आहे, पदर आहे, चाल आहे. हाताला धरायला दांडी आहे, आणि तीच दांडी दुसरीच्या हातातून घेऊन आपली करणं हे वेगळ्याच हिमतीचं काम. देवकीची किंवा कोकिलाची अशी एखादी ठेवणीतली ओळ मला आठवत नाही. सगळं क्षणाक्षणाला उभं करायचं. तुझ्या एकांकिकेत सासूला पालुपद दिलं असेल तर जरूर वापर, पण आधी त्या पालुपदाशिवाय एक तालीम करून बघ. काम उभं राहिलं, तर पालुपद ठेव.

आता केस. रीमाताईंच्या वयाची गणितं बघ. ‘मैंने प्यार किया’ १९८९चा, तेव्हा त्या ३१ वर्षांच्या, आणि पडद्यावरचा मुलगा सलमान खान त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. १९९९च्या ‘वास्तव’मध्ये मुलगा संजय दत्त, तो जेमतेम एक वर्षाने लहान. ‘तू तू मैं मैं’ सुरू झाली तेव्हा सासूबाई ३६ वर्षांच्या आणि सून त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. प्रेक्षकांनी हे नातं एकदाही नाकारलं नाही, कारण देवकी घरात अशी वावरते की प्रत्येक डबा तिने स्वतः भरलाय. तुझ्या नेपथ्यात स्वयंपाकघर असेल तर पहिल्या तालमीपासून डब्यांच्या जागा ठरवून घे. बोलता बोलता, न बघता, तुझा हात हळदीच्या डब्यावर गेला पाहिजे, आणि सुनेचा हात चुकला पाहिजे. केसांना रंग लावायचा की नाही ते रंगीत तालमीपर्यंत मनातही आणू नकोस. वाकून चालू नकोस. हल्लीच्या सासवा वाकत नाहीत.

आवाजही बदलू नकोस. पडलेला, म्हातारा आवाज काढलास की तुझे सूर दोनच उरतील. रीमाताई भांडणात आवाज चढवण्याआधी एकदा तो खाली आणतात, म्हणून चढलेला आवाज लागतो. भाषेबद्दल मात्र सावध रहा. तुझी संहिता पुण्याकडच्या लेखकाची असणार, आणि खंडवा रोडच्या सभागृहात सानंद या आपल्या इंदूरच्या संस्थेच्या प्रयोगांना येणारा आपला प्रेक्षक कान देऊन ऐकणारा आहे. सासू इंदूरची असेल तर दिग्दर्शकाला विचारून दोन-चार वाक्यं आपल्या बोलीत घे. “मी सांगून राहिली आहे ना” हे आपल्या घरांत जसं सहज येतं तसंच येऊ दे. त्यावर जोर दिलास तर लोक बोलीला हसतील, आणि आपल्या बोलीला हसवून घ्यायला आपण नाटक करत नाही.

रीमाताई १८ मे २०१७ला गेल्या. तेव्हाही त्या मालिकेत काम करत होत्या, ‘नामकरण’मध्ये, आणि तिथली भूमिका कडक, खलनायकी होती. त्याआधी २०१३मध्ये मराठीत ‘तुझं माझं जमेना’ केली होती, पुन्हा सासू-सून, ती मिळाली तर बघ. वीस वर्षांनंतरची सासू आहे, गती कमी झालीय, नजर आणखी तयार झालीय. तुझ्या कामाला देवकीपेक्षा तीच कदाचित जवळची पडेल.

शेवटी, सून तुझ्याहून मोठी आहे म्हणून तुला संकोच वाटतोय असं तू लिहिलंयस. तिला हे सगळं वाचायला दे. पहिल्या दोन तालमी बसून करा, हालचाल नको, आणि त्यात भूमिका बदलून वाचा. तू सुनेची वाक्यं म्हण, तिला सासूची म्हणू दे. सुनेच्या कुठल्या वाक्याला तुला खरंच राग आला ते पेन्सिलने टिपून ठेव. भूमिका पुन्हा आपापल्या झाल्या की त्याच वाक्यांवर तुला थांबायचंय.