अर्थशास्त्रात पीएचडी, विषय उद्योजकता: मानसशास्त्र, समाजशास्त्र वाचायची गरज आहे का?

तुमचे गाइड म्हणतात, दुसऱ्या शाखांच्या नादी लागू नका, वर्षं वाया जातील. माझ्या गाइडनीही मला हेच सांगितलं होतं. मी ऐकलं आणि माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण गमावलं.

माझा विषय होता, लहान उद्योग बंद का पडतात. प्रश्नावलीतला चौदावा प्रश्न 'बंद करण्याचं मुख्य कारण', खाली सहा पर्याय. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका बाईंनी 'भांडवलाची कमतरता' यावर खूण केली. मी कागद आवरत होते, तेवढ्यात त्यांनी आपणहून एक फाइल पुढे केली. आत बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र. कर्ज मंजूर होतं, बाईंनी ते उचललंच नव्हतं.

का, म्हणून विचारलं, तर दोन तास बोलत होत्या. निम्म्याहून जास्त माल एकाच कंपनीत जायचा, तिथल्या खरेदी अधिकाऱ्यांशी अकरा वर्षांचे संबंध. ते निवृत्त झाले. नव्या साहेबांनी यांचा फोन दोनदा उचलला नाही. पुढचे आठ महिने बाई एकाही नव्या गिऱ्हाइकाकडे गेल्या नाहीत. "विकायला कधी जावंच लागलं नव्हतं हो. दारात उभं राहून काय बोलायचं, तेच कळेना."

पैसे कमी पडले, हे सांगताना माणसाला लाज वाटत नाही, म्हणून तिथे खूण झाली. खरं कारण समजायला नकाराच्या भीतीबद्दल वाचावं लागतं, आणि समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरही. त्यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नव्या संधीची खबर बरेचदा तोंडओळखीच्या माणसांकडून येते. बाईंकडे एकच घट्ट ओळख होती, ती तुटली.

हे सगळं मी लिहून गाइडकडे नेलं. उत्तर आलं, "हे समाजशास्त्र झालं, आपल्या विभागात चालणार नाही." प्रकरण गेलं. माझ्या तक्त्यात त्या बाई आजही 'भांडवलाची कमतरता' याच रकान्यात आहेत. चुकीची नोंद, माझ्या नावावर.

उद्योजक ही अर्थशास्त्राचीच मालमत्ता आहे, असं मानणाऱ्यांचा मला राग येतो. ठरलेल्या भावाने घेऊन बेभरवशाच्या भावाने विकणारा तो उद्योजक, हे अर्थतज्ज्ञ कँटिलननी सांगितलं. त्यांचं पुस्तक आलं १७५५ मध्ये. अर्थतज्ज्ञ शुम्पेटरनी १९११ मध्ये त्याला विकासाच्या मध्यभागी बसवलं. तरी पुढे पाठ्यपुस्तकांतल्या मागणी-पुरवठ्याच्या समतोलाच्या गणितात त्याला जागाच उरली नाही. फ्रेड्रिक बार्थ या मानववंशशास्त्रज्ञाने सुदानमधल्या दारफुरमध्ये काय पाहिलं ते बघा. तिथल्या फुर लोकांत मजुरीवर राबणं कमीपणाचं. शेतावर मदतीला आलेल्यांना बाजरीची बिअर द्यायची, रोख पैशाचा व्यवहार वेगळा. बाहेरच्या एका व्यापाऱ्याने स्वस्त बाजरी आणली, बिअर करून लोकांकडून टोमॅटो पिकवून घेतले आणि रोखीने विकले. नफा आला तो या दोन व्यवहारांमधल्या कुंपणातून. जिथे श्रमाला भावच नाही, तिथे भावांच्या तक्त्यात हे दिसणार कसं?

नुसत्या मानसशास्त्रानेही भागत नाही, हेही खरं. उद्योजकाचा स्वभाव शोधण्यात अनेकांनी वर्षं घालवली. शेवटी उद्योजकतेचे अभ्यासक गार्टनरनी १९८८ मध्ये लिहिलं की 'उद्योजक कोण' हा प्रश्नच चुकीचा आहे, तो काय करतो ते पाहा.

आणि हो, पाच शाखांची अवतरणं एका प्रकरणात कोंबणं म्हणजे बहुविद्याशाखीय काम नव्हे. एक पद्धत पक्की हवीच. परीक्षक अर्थशास्त्राचे असतील, नोकरीही विभाग बघूनच मिळते. त्या बाबतीत तुमचे गाइड चूक नाहीत.

समाजशास्त्रातले सहमार्गदर्शक आत्ताच मागा आणि मुलाखतींचं प्रकरण संशोधन आराखड्यातच लिहा. मी सगळं लिहून झाल्यावर विचारायला गेले, तोवर उशीर झाला होता. आणि प्रश्नावलीत कारणांच्या पर्यायांखाली अर्धं पान कोरं सोडा.