वाट बघताना नेमकं काय बघायचं?

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा मिळाला. मंडळाच्या ज्युनियर संघासाठी पाच वर्षांची आखणी, पहिल्याच पानावर सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचा फोटो आणि त्याखाली ठळक अक्षरात एकच मागणी: कोचला वेळ द्या. कोल्हापुरात पेठेपेठेत फुटबॉल आहे, शाहू स्टेडियमवर गर्दी लोटते, आणि दोन सामने हरले की कोच बदलायची भाषा सुरू होते. तुझं गाऱ्हाणं खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण फर्ग्युसनचं उदाहरण घेऊन तू कार्यकर्त्यांसमोर गेलास तर तुझ्याच अंगावर येईल. कुणीतरी जाणता उठून विचारेल, मग त्यांच्यानंतर आलेल्या मोयेसचं काय झालं? तेव्हा आधी आपण दोघं ते नीट वाचून घेऊ.

सगळे सांगतात ती गोष्ट अशी. नोव्हेंबर 1986 मध्ये फर्ग्युसन अ‍ॅबर्डीनहून मँचेस्टर युनायटेडला मॅनेजर म्हणून आले. तीन वर्षं हाताला काही लागलं नाही. सप्टेंबर 1989 मध्ये गावातल्याच मँचेस्टर सिटीने 5-1 असं धुतलं. मग जानेवारी 1990 मध्ये एफए कपात, म्हणजे इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेत, नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सने गोल केला आणि त्यांची नोकरी वाचली. तो कप जिंकला, 1993 मध्ये लीग आली, आणि पुढची वीस वर्षं त्यांचीच. ऐकायला झकास आहे. पण तेव्हाचे चेअरमन मार्टिन एडवर्ड्स यांनी नंतर सांगितलंय, की तो सामना हरलो असतो तरी फर्ग्युसनना काढणार नव्हतो. तू विचार करायला हवा तो इथे. त्या हंगामात युनायटेड लीगमध्ये तेरावा आला. नुसती गुणांची यादी बघून कुणीही त्यांना घरी पाठवलं असतं.

संचालकांना त्या यादीपलीकडचं काहीतरी दिसत होतं. आल्याआल्या फर्ग्युसननी स्काउटिंग, म्हणजे गुणी खेळाडू हेरणं, आणि मुलांचे संघ यांची घडी नव्याने बसवायला घेतली होती. एरिक हॅरिसन यांच्या हाताखाली मुलं तयार होत होती. रायन गिग्ज तेव्हा सिटीकडे सरावाला जायचा; त्याच्या चौदाव्या वाढदिवशी, नोव्हेंबर 1987 मध्ये, फर्ग्युसन स्वतः त्याच्या घरी गेले. पहिल्या संघाचा मॅनेजर, संघ धडपडतोय, आणि हा माणूस चौदा वर्षांच्या पोराच्या दारात उभा. 1992 मध्ये याच मुलांनी एफए युथ कप जिंकला: गिग्ज, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल. म्हणजे संचालकांनी धीर धरला तो डोळे मिटून नाही. तुझ्या आराखड्यात कार्यकर्त्यांनी थांबावं असं पानोपानी लिहिलंयस. थांबलेल्या काळात त्यांनी दर सहा महिन्यांनी येऊन नेमकं काय तपासायचं, ते एकाही पानावर नाही. त्यांनी का थांबावं मग?

आता त्याच गोष्टीचा शेवट बघ, तो तुझ्या जास्त कामाचा आहे. मे 2013. युनायटेडने 11 गुणांनी लीग जिंकली, फर्ग्युसनची तेरावी. त्या संघाची वयं एका कागदावर उतरवून काढ. गिग्ज 39, स्कोल्स 38, फर्डिनंड 34, एव्हरा 32, विडिच 31, कॅरिक 31. लीगमध्ये 26 गोल करणारा रॉबिन व्हॅन पर्सी 29 चा, आदल्याच उन्हाळ्यात जवळपास 24 दशलक्ष पौंडांना आणलेला. निव्वळ त्या हंगामापुरता विचार केला तर त्याहून चांगला सौदा नाही. डे हेआ, जोन्स, स्मॉलिंग अशी कोवळी मुलं होती, पण मधल्या वयात, म्हणजे ज्याच्या खांद्यावर पुढची चार वर्षं टाकावी असा, माझ्या मते एकटा रूनी. लीग जिंकलेल्या दिवशीसुद्धा हा कागद बोलत होता. मिरवणुकीत कोण वाचतो?

त्यात भर अशी की त्याच उन्हाळ्यात सौदे सांभाळणारे डेव्हिड गिल गेले आणि त्यांच्या जागी एड वुडवर्ड आले. फर्ग्युसननी सुचवलेले डेव्हिड मोयेस सहा वर्षांचा करार घेऊन आले, येताना एव्हर्टनमधले आपले सहकारी घेऊन आले, आणि माइक फेलन, रेने म्युलेनस्टीन, एरिक स्टील ही ऑल्ड ट्रॅफर्डची, म्हणजे युनायटेडच्या मैदानावरची, माहीतगार मंडळी बाहेर पडली. मॅनेजर नवा, सौदे करणारा नवा, सराव घेणारे नवे. विंडो, म्हणजे खेळाडू घ्यायची मुदत, बंद होता होता 27.5 दशलक्ष पौंडांना फेलाइनी आला, तेवढंच. एप्रिल 2014 मध्ये मोयेसना काढलं. क्लब सातवा आला, आणि त्या उन्हाळ्यात फर्डिनंड, विडिच, एव्हरा तिघेही गेले. सहा वर्षांचा करार दहा महिन्यांत संपला. पुढे व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, अमोरीम. प्रत्येकाची खेळायची तऱ्हा वेगळी, म्हणून प्रत्येकाला माणसं वेगळी हवी, आणि आधीच्याने आणलेली माणसं पुढच्याच्या गळ्यात. 2024-25 मध्ये तो क्लब पंधरावा आला. फर्ग्युसन थोर होतेच, पण क्लब एकखांबी तंबू झाला होता.

अ‍ॅनफिल्डला, लिव्हरपूलच्या मैदानावर, उलटं झालं. बिल शँक्ली तिथे मॅनेजर म्हणून आले डिसेंबर 1959 मध्ये, तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या विभागात होता. जुलै 1974 मध्ये त्यांनी राजीनामा दिला तेव्हा शहराला धक्का बसला. क्लबने बाहेर न बघता त्यांचे सहकारी बॉब पेस्ली यांना पुढे केलं, आणि पेस्ली तर तयारही नव्हते. त्यांनी नऊ हंगामांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले. त्यांच्यानंतर जो फेगन, तेही घरचेच. पहिल्याच हंगामात लीग, लीग कप आणि युरोपियन कप. हे सगळे स्टँडखालच्या बूट ठेवायच्या एका कोंदट खोलीत बसणारे लोक. सामना झाला की तिथे खोक्यांवर बसून बोलणं चालायचं, आणि रोजच्या सरावाच्या नोंदी वह्यांत राहायच्या: काय घेतलं, कोण दुखावलं. पुढच्या वर्षी कुणी लंगडायला लागला की मागची वही काढून बघता यायचं.

तू वही ठेवतोस हे मला माहीत आहे. फक्त ती तुझ्या बॅगेत असते. उद्यापासून ती मंडळाच्या कपाटात ठेव, आणि तुझ्या हाताखालच्या दोघांना तीत लिहायची सवय लाव. तुला काढलं तर वही तिथेच राहू दे. राग येईल, पण राहू दे.

अलीकडचं पाहायचं तर लिव्हरपूलचेच मॅनेजर युर्गन क्लॉपनी जानेवारी 2024 मध्ये, हंगाम अर्धा बाकी असताना, जाणार असल्याचं जाहीर केलं. क्लबला शोधायला वेळ मिळाला. पूर्वी तिथले सौदे सांभाळणारे मायकल एडवर्ड्स परत आले, रिचर्ड ह्यूज स्पोर्टिंग डायरेक्टर झाले, आणि मग फेयेनूर्डमधून आर्ने स्लॉटना आणलं, आहे त्या संघाला मानवेल असा माणूस बघून. स्लॉटच्या पहिल्या हंगामात नवा म्हणून मैदानात उतरला तो एकटा किएझा, तोही थोडाच, आणि एप्रिल 2025 मध्ये लीग जिंकली. 2013 आणि 2024 शेजारी शेजारी ठेवून बघ. दोन्हीकडे मोठा माणूस गेला, पण एकीकडे त्याच्यासोबत सगळं गेलं.

थांबणं कसं असतं ते बघायचं असेल तर लिव्हरपूलचाच 2017 चा हंगाम घे. त्यांना सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, हवा होता, व्हर्जिल व्हॅन डाइकच हवा होता. परवानगीवाचून त्याच्याशी बोलणी केली म्हणून जूनमध्ये त्याच्या क्लबने, साउदॅम्प्टनने, तक्रारीचा सूर लावला, लिव्हरपूलला जाहीर माफी मागून माघार घ्यावी लागली. लोक म्हणाले, दुसरा घ्या. त्यांनी घेतला नाही. ऑक्टोबरमध्ये टॉटेनहॅमने त्यांना 4-1 ने हरवलं. डेयान लोव्हरेनला क्लॉपनी 31 व्या मिनिटाला बाहेर काढलं. डिफेंडर भर सामन्यात अर्ध्या तासात बाहेर, याहून उघडी फजिती नाही. त्या रात्री समालोचकांनी क्लॉपना काय काय ऐकवलं असेल ते तुला सांगायला नको. तरी ते जानेवारीपर्यंत थांबले, 75 दशलक्ष पौंड मोजले आणि हवा तोच माणूस आणला. त्याच महिन्यात कुटिन्यो बार्सिलोनाला विकला, उन्हाळ्यात गोलकीपर अ‍ॅलिसन आला. 2019 मध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे आधीचा युरोपियन कप, 2020 मध्ये तीस वर्षांनी लीग. ऑगस्टमध्ये घाईने दुसऱ्या पसंतीचा डिफेंडर घेतला असता तर चार वर्षांचा पगार आणि एक जागा अडकली असती.

आणखी एक बारकावा. त्याच उन्हाळ्यात मोहम्मद सलाह आला. क्लॉपच्या मनात आधी युलियान ब्रांट होता. मायकल एडवर्ड्स आणि स्काउट मंडळी सलाहसाठी मागे लागली होती. क्लॉपनी ऐकलं. मॅनेजरला नाही म्हणता येईल असा माणूस शेजारी असणं, आणि मॅनेजरने ते चालवून घेणं, या दोन्ही गोष्टी दुर्मिळ आहेत. तुझ्या आराखड्यात निवड, सराव, सौदे, सगळं कोचच्या हाती आहे. तू चांगला कोच आहेस म्हणून ते तुला बरोबर वाटतं. आर्सेनलचे मॅनेजर आर्सेन वेंगर तुझ्यापेक्षा बरेच चांगले होते. 1998 आणि 2002 ची दुहेरी जेतेपदं (लीग आणि एफए कप), 2003-04 चा एकही पराभव नसलेला लीग हंगाम, नवं स्टेडियम फेडता फेडता दरवर्षी पहिल्या चारांत. पण 2007 मध्ये क्लबचे उपाध्यक्ष डेव्हिड डीन गेल्यावर त्यांना अडवणारं बरोबरीचं माणूस उरलं नाही असं मला वाटतं. शेवटी सांचेझ आणि ओझिल या दोघांचे करार एकाच वेळी, 2018 च्या उन्हाळ्यात संपत आले आणि क्लबची मान अडकली, कारण करार संपला की खेळाडू फुकटात जातो.

आता तुझ्या मताच्या विरुद्ध जाणारं उदाहरणही समजून घे, नाहीतर बैठकीत फसशील. अब्रामोविच मालक असतानाच्या काळातल्या चेल्सीने मॅनेजर कपडे बदलावे तसे बदलले, आणि तरी पाच लीग, दोन चॅम्पियन्स लीग. 2012 ला म्युनिकमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बाकावर रॉबर्टो डी मॅटेओ होते, मार्चमध्ये तात्पुरते बसवलेले. मैदानात कोण होतं? गोलकीपर चेक आणि ड्रोग्बा 2004 पासूनचे, लॅम्पार्ड 2001 पासूनचा, अ‍ॅश्ली कोल 2006 पासूनचा. कर्णधार टेरी बंदीमुळे बाहेर. 88 व्या मिनिटाला ड्रोग्बाचा हेडर, जादा वेळेत चेकने रॉबेनची पेनल्टी अडवली, शूटआउटमध्ये शेवटची पेनल्टी पुन्हा ड्रोग्बाची. तिथे सातत्य खेळाडूंत होतं. उलट नव्या मालकांनी सप्टेंबर 2022 मध्ये ग्रॅहम पॉटरना पाच वर्षांसाठी आणलं, जानेवारीत खेळाडूंचा ढीग ओतला, आणि एप्रिलमध्ये पॉटर घरी. कोच टिकला म्हणजे सगळं टिकलं असं समजू नकोस. कार्यकर्ते तुला बदलणारच असतील तर निदान मुलं बदलू नका, एवढं तरी पदरात पाडून घे.

मँचेस्टर सिटीचं उदाहरण मी तुला देणार नाही. कारभार पाहायला सोरियानो आणि बेगिरिस्ताईन यांना 2012 मध्ये आणून मॅनेजर ग्वार्डिओलासाठी चार वर्षं आधी घर बांधून ठेवलं, हे नियोजन अव्वल. पण त्यांच्याइतका पैसा हाताशी असला की चुकाही पचतात, आणि लीगने 2023 मध्ये ठेवलेल्या, आर्थिक नियम मोडल्याच्या शंभराहून जास्त आरोपांचा विषय कुणीतरी काढेलच. तुझ्या बैठकीत तो फाटा नको.

आर्सेनल दाखव. ऑगस्ट 2021 मध्ये मॅनेजर मिकेल आर्टेटाचा संघ पहिले तिन्ही सामने हरून तळाला होता, तेही लागोपाठ दोन हंगाम आठवा आल्यावर. पण त्या उन्हाळ्यात आणलेले सहा खेळाडू बघ: बेन व्हाइट, ओडेगार्ड, रॅम्सडेल, तोमियासू, लोकोंगा, तावारेस. सगळे 23 किंवा त्याहून लहान. साका आणि मार्टिनेली आधीच होते, सलिबा लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडे उसना, बाहेर होता. सहांतले दोघे-तिघे पुढे टिकले नाहीत, ते ठीकच. गुणांची यादी रडवणारी होती, वयांची यादी मात्र कुणालाही समजेल इतकी सरळ होती. 2023 पासून ते लागोपाठ तीनदा दुसरे आले. मालकांनी आर्टेटाला ठेवलं ते हा कागद पाहूनच ठेवलं असेल, असा माझा अंदाज.

म्हणून आराखड्यातली पहिली सहा पानं काढून टाक आणि तिथे एक तक्ता घाल. प्रत्येक मुलाचं वय, कुठल्या जागेवर खेळतो, शाळा-कॉलेज कधी संपतं, गाव कधी सोडण्याची शक्यता आहे, आणि त्याच्या जागी खालच्या वयोगटातून कोण. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर लपवू नकोस, लाल कर. मोठमोठ्यांचे रकाने लाल असतात. 2024-25 मध्ये लीग जिंकत असतानाच लिव्हरपूलचे सलाह, व्हॅन डाइक आणि अलेक्झांडर-अर्नल्ड या तिघांचे करार एकाच 30 जूनला संपत होते. दोघांनी एप्रिलमध्ये सही केली, तिसरा रेआल माद्रिदला गेला, अगदी किरकोळ रकमेत.

सराव म्हणून आधी इंग्लंडमधल्या तीन क्लबांचे असे तक्ते कर, करार संपण्याच्या वर्षासकट. मग मंडळाचा. चौथ्या पानावर 'व्हिजन' म्हणून जे लिहिलंयस ते तसंच राहू दे, कार्यकर्त्यांना आवडेल. बैठक गणपतीनंतर आहे ना? त्याआधी एक रविवार इकडे ये, तक्ते घेऊन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका