पोटातल्या नळीवरून तोंडाने खाण्यावर मुलाला कसं आणायचं?

तुमचा भाचा 13 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर नीट ताबा नसतो), पाच वर्षांपासून अन्न द्यायला पोटात नळी. आता तोंडाने भरवायचंय, तर सुरुवात कुठून, असं विचारलंय तुम्ही. आमची लेक याच वाटेने गेली. तिचं दुसरं उष्टावण बाराव्या वर्षी झालं म्हणा ना.

चमचा उचलण्याआधी गिळण्याची तपासणी करून घ्या. बेरियम (एक्स-रेत दिसणारा पदार्थ) मिसळलेला घास देतात आणि तो अन्ननलिकेत उतरतो की श्वासनलिकेत, हे एक्स-रेवर चालू असताना बघतात. ठसका लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अशा मुलांच्या फुप्फुसात कधी कधी अन्न जातं आणि साधा खोकलाही येत नाही. लेकीचं पाणी असंच गुपचूप भलतीकडे जात होतं, घट्ट मात्र नीट उतरायचं. म्हणून पाणी नळीने आणि तोंडाने नाचणीचं सत्त्व. चमचा तिरका केला की गोळा अख्खा पडावा, धार लागू नये, चिकटूनही बसू नये, ही घट्टपणाची खूण गिळायला शिकवणाऱ्या थेरपिस्टने दिलेली.

पहिले तीन महिने मीच घोळ घातला. गाल दाबून चमचा आत सरकवायचे. ती चमचा दिसताच मान फिरवायला लागली. तिचंही बरोबरच, आजवर तोंडाशी आलं ते औषध नाहीतर सक्शनची, म्हणजे लाळ-कफ ओढून काढायची नळी. थेरपिस्टने भरवणं बंदच करायला लावलं. महिनाभर ती नुसती आमच्या पंगतीला बसायची. एकदा तिने चिंच-गुळाच्या चटणीत बोट बुडवून ओठाला लावलं, तोंड वेडंवाकडं केलं, आणि पुन्हा बोट बुडवलं. आणि आम्ही इतके दिवस गोड खिमट देत होतो!

भुकेचंही बघा. दर तीन तासांनी नळीने पोट भरलं तर खाईल कशाला? आहारतज्ज्ञांनी दुपारचा फीड पुढे ढकलला, तेवढ्या कॅलरी रात्री दिल्या. दर आठवड्याला वजन करायचं, घसरलं की फीड पूर्ववत. ‘दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजून वाटेला लावा.

भरवताना पाठ ताठ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. दात रोज घासा, तोंडाने काही जात नसलं तरी. तिथले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात.

लेक आता 15 ची आहे. नळी अजून आहे, पाणी आणि औषधं तिच्यातूनच. दुपारी मिक्सरमधून काढलेला वरणभात, वर तूप. पुरे झालं की ती ओठ मिटते, मी चमचा खाली ठेवते.